पुणेरी पलटणला दोन कोटींचा चढाईपटू हवा की घरचाच आणखी एक आदित्य? लिलावाआधीचं गणित समजून घ्या

जवळा बाजार (जि. हिंगोली) : प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत झाली आणि पुणेरी पलटणने ती ३१-२८ अशी गमावली. फरक फक्त तीन गुणांचा. दबंग दिल्लीकडून शेवटच्या क्षणांत मोलाची पकड करणारा फझल अत्राचली २०२२ च्या फायनलमध्ये पलटणचाच कर्णधार होता. ती फायनलही पलटणने जयपूरकडून ३३-२९ अशी गमावली होती.

गुणतालिकेत पहिला नंबर आणि फायनलमध्ये हार. अशा वेळी चाहत्यांची मागणी ठरलेली असते : ‘एक मोठा रेडर घ्या.’ आपल्याकडच्या कट्ट्यांवरही हेच ऐकू येतं. पण आकडे जरा वेगळं सांगतात.

चढाईची ताकद मोजायची कशी?

सामना ४० मिनिटांचा आणि एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. त्यातल्या अर्ध्या एकाच खेळाडूने केल्या तर त्याचे वैयक्तिक गुण भरपूर दिसतात. मात्र तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला सहकाऱ्यांना आधी गुण मिळवावा लागतो. तोवर लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. त्या चढाईत गुण आणला नाही तर गडी बाद. अशा चढाईला दुसऱ्या फळीतला पोरगा गेला की समोरचे सात जण वाटच बघत असतात. याला आपल्याकडे एकखांबी तंबू म्हणतात.

म्हणून ‘सर्वाधिक गुण कोणाचे?’ एवढंच पाहून भागत नाही. मुख्य चढाईपटू बाहेर असताना संघ किती गुण आणतो, हे पाहायला हवं.

दहाव्या हंगामाची पलटण याचं उत्तम उदाहरण आहे. प्रशिक्षक बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम इनामदार. त्या हंगामात दिल्लीच्या आशू मलिकने चढाईत २७६ गुण घेतले, तर पलटणच्या एकाही चढाईपटूला २०० चा आकडा गाठता आला नाही. तरीही साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पलटण फक्त दोन हरली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेती ठरली. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. एक बाहेर गेला की दुसरा तयार. फायनलमध्ये पंकजने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि सामना तिथेच फिरला. जिंकलेल्या त्या फायनलमधला फरकही तीनच गुणांचा होता.

आता याची उलटी बाजू बघा. अकराव्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने ३०१ गुण घेतले, पण फायनलमध्ये पाटणा हरियाणाकडून ३२-२३ असं हरलं. पुढच्या लिलावात बंगालने देवांकसाठी २ कोटी २० लाख ५० हजार मोजले आणि बंगालचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. देवांक कमी पडला, असा याचा अर्थ काढू नका. त्याच्यावर एवढा पैसा लावल्यावर बाकीच्या सहा जागांसाठी काय उरलं, हा प्रश्न आहे.

पाच कोटींची थैली

बाराव्या हंगामाच्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चायला पाच कोटी रुपये होते. हळदीचं बीट पाहिलेल्या हिंगोलीकरांना ही पद्धत समजायला वेळ लागणार नाही. खेळाडूंची चार गटांत प्रतवारी होते आणि गटानुसार पायाभूत किंमत ठरते : ‘अ’ ३० लाख, ‘ब’ २० लाख, ‘क’ १३ लाख, ‘ड’ ९ लाख. बोली त्याच्या वर जाते. एक गंमत मात्र आपल्या बाजार समितीत नाही. शेवटची बोली झाल्यावर खेळाडूचा जुना संघ कार्ड दाखवून तेवढ्याच किमतीत त्याला परत घेऊ शकतो. याला ‘फायनल बिड मॅच’ म्हणतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये नवे खेळाडू बोलीने घेत नाहीत. तिथल्या ३२ संघांसाठी ‘ड्राफ्ट’ असतो. सात फेऱ्यांमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते आणि मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला सगळ्यात आधी निवड करायला मिळते. तिथे दरवर्षी एकच वाद रंगतो : उपलब्ध असलेला सर्वोत्तम खेळाडू घ्यायचा, की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे त्या जागेचा? टॉम ब्रॅडीला २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडलं गेलं आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. म्हणजे खालच्या फेरीतही सोनं सापडतं, फक्त ते ओळखणारा माणूस हवा.

पलटणने ते ओळखलं होतं. आठव्या हंगामात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं संघात होती, पण गुणांचा भार वाहिला तो अस्लम आणि मोहित या नव्या पोरांनी. तरुण चढाईपटू कमी पैशांत हाताशी असल्यामुळेच दहाव्या हंगामाच्या लिलावात पलटण इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावू शकली. थैलीचा तब्बल ४७ टक्के हिस्सा एका डाव्या कोपरारक्षकावर! चढाई घरची, म्हणून बचाव बाजारातून. माझ्या मते त्या विजेतेपदाचं खरं गणित हेच होतं आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

मग बिनसलं कुठे?

दुखापतीत. २०२२ च्या फायनलमध्ये अस्लम आणि मोहित दोघंही मैदानाबाहेर होते. अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा गेला आणि गतविजेती पलटण पहिल्या सहांतही आली नाही. त्याच हंगामात हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलेला शादलू पुन्हा विजेत्या संघात होता. म्हणजे एकाच वर्षात घरची चढाई अधू झाली आणि बाजारातला बचावही गेला.

बाराव्या हंगामाआधी अजय ठाकूर प्रशिक्षक झाले. आकाश शिंदे बंगळुरूला गेला आणि पलटणने सचिन तंवरला १ कोटी ५ लाख ८० हजारांना घेतलं. थैलीचा पाचवा हिस्सा एका अनुभवी चढाईपटूवर. पण बाद फेरीत संघाला ओढलं ते आदित्य शिंदेने. तेलुगू टायटन्सविरुद्धच्या ५०-४५ अशा धावपळीच्या सामन्यात त्याने २० पेक्षा जास्त गुण घेतले आणि फायनलमध्येही सुपर टेन केला. मोठं नाव विकत आणलं आणि वेळेला घरचा पोरगाच उभा राहिला, हे आठव्या हंगामानंतर दुसऱ्यांदा घडलं.

आता गरज कशाची?

माझ्या यादीत दोन कोटींचा चढाईपटू नाही.

पहिली गरज शेवटच्या पाच मिनिटांची आहे. दिल्लीविरुद्धचा क्वालिफायर बरोबरीत सुटून टायब्रेकरमध्ये गेला. दोन्ही गमावलेल्या फायनल तीन-चार गुणांच्या, म्हणजे एका सुपर रेडच्या अंतरावरच्या. इथे हंगामात २५० गुण घेणारा नसला तरी चालेल. ‘डू ऑर डाय’ला जाऊन डोकं शांत ठेवणारा, समोर सहा बचावपटू असताना बोनस काढून परत येणारा गडी हवा. असे खेळाडू ‘ब’ आणि ‘क’ गटात मिळतात, कारण गुणांच्या यादीत त्यांची नावं वर दिसत नाहीत.

दुसरी गरज अस्लमला पर्याय शोधण्याची. दहाव्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू, २०२३ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघातला गडी. त्याच्या दर्जाबद्दल वाद नाही. पण गुडघ्याच्या दुखापतीतून आलेल्या खेळाडूला प्रत्येक सामन्यात पूर्ण ४० मिनिटं पळवणं शहाणपणाचं नाही. त्याला अधूनमधून बसवता येईल, अशी चौथ्या चढाईपटूची सोय करावीच लागेल.

बचावात फार हात घालू नये. गौरव खत्री, अभिनेश नादराजन यांची जोडी जमली आहे. जमलेली साखळी मोडली की पुन्हा जुळायला अर्धा हंगाम जातो, हे गावच्या संघात खेळलेला कुणीही सांगेल.

आपल्याकडच्या पोरांचा काय संबंध?

संबंध थेट आहे. पलटणने मोठ्या नावावर दोन कोटी ओतले तर तरुणांना वाट पाहत बाकावर बसावं लागेल. संघाने चढाई घरीच घडवायची ठरवली तर ‘युवा पलटण’सारख्या तरुणांच्या संघातून वर यायची दारं उघडी राहतील. त्या दारापर्यंतचा रस्ता जिल्हा निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद स्पर्धा, मग फ्रँचायझींच्या चाचण्या असा जातो. औंढा, वसमत, जवळा बाजार परिसरातली पोरं मातीत तयार होतात, वजनी गटाच्या स्पर्धा गाजवतात आणि चाचणीला गेल्यावर मॅटवर त्यांचे पाय अडखळतात. मातीत घसरून हात मारणारा पोरगा मॅटवर तसाच गेला की गुडघे सोलवटून घेतो. सरावाला मॅट आणि बूट मिळाले तर हा फरक काही महिन्यांत भरून निघतो.

तेराव्या हंगामाचा लिलाव जवळ आला की सर्वांत आधी संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्या येतील. कोटींच्या बातम्यांआधी ती यादी उघडा. पलटणच्या यादीत आदित्य आणि पंकज कायम आहेत का, आणि त्यांच्या खाली तुम्ही कधी न ऐकलेली किती तरुण नावं आहेत, एवढं पाहिलं तरी संघाने कोणती वाट धरली ते लिलावाच्या आधीच कळेल.