बोहाड्याची रात्र

भय वाटावे म्हणून माणसे मुद्दाम कोठे जातात, हे ऐकून नवल वाटेल. परंतु लंडन शहरात 1974 साली 'लंडन डंजन' नावाचे असे एक स्थळ सुरू झाले. जुन्या काळातील रोगराई, कैदखाने व क्रूर शिक्षा यांचे देखावे तेथे अंधारात दाखवितात आणि लोक तिकीट काढून घाबरावयास जातात!

असा खेळ पाहण्यास इतके दूर जावयास नको. सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हसावदच्या आसपास, होळीला अंग रंगविलेले, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये नाचतात. त्याच होळीनंतर दक्षिणेकडे, सह्याद्रीतील मोखाडा, जव्हार व नाशिक जिल्ह्यातील आदिवासी गावांत बोहाडा होतो. वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली कित्येक माणसे होळीसाठी गावी परततात.

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचत दाखविलेल्या पुराणकथा. हा उत्सव काही रात्री चालतो. आरंभी गणपती व सरस्वती येतात. मग संबळाचा ठेका वाढतो आणि अंधारातून एखादा राक्षस पुढे सरकतो. मोठाले डोळे, बाहेर आलेले सुळे! लहान मुले आईच्या पदराआड दडतात.

वास्तविक तो मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा असतो. त्याचे तोंड हलत नाही, पापणी लवत नाही. तरी तो जिवंत कसा भासतो? मशालीची ज्योत थरथरते, तिच्याबरोबर नाकाडोळ्यांच्या सावल्या हलतात आणि चेहरा क्षणाक्षणाला बदलल्यासारखा वाटतो. विजेच्या दिव्याखाली रंग उठून दिसतात खरे, पण ही जादू राहत नाही.

मुखवट्याआडच्या माणसाचे काम मात्र सोपे नव्हे. मानेवर भार असतो, बारीक छिद्रांतून जेमतेम वाट दिसते. तरीही पाऊल तालावरच पडावे लागते. कित्येक सोंगे पित्याकडून पुत्राकडे येतात. म्हणून रावणाला भिणाऱ्या मुलालाच पुढे कधी रावण व्हावे लागते. त्यासाठी नाच शिकावयाचा तो पाहूनच. त्याचे पुस्तक नाही.

शेवटच्या रात्री, पहाटेच्या सुमारास, देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात. झुंज रंगते, वाद्ये टिपेला पोहोचतात आणि अखेर असुर पडतो. मग मुखवटा उतरतो. आत घामाने निथळलेला, ओळखीचा चेहरा असतो. पदराआडची मुले आता जवळ येऊन त्या सुळ्यांना बोट लावून पाहतात.