पडदा पडल्यावर

कॉलेजचे स्नेहसंमेलन जवळ आले की पंधरा दिवस मास्तरांना झोप नसते आणि विद्यार्थ्यांना भूक नसते. पेटीचा भाता नेमका तेव्हाच फाटतो, राजाची मिशी ऐनवेळी हरवते आणि पाहुण्यांचे भाषण लांबते. मग मांडव सुटतो, भाड्याचे पोशाख परत जातात आणि जो तो म्हणतो, "छान झाले!" या दोन शब्दांत वर्षाचा हिशेब मिटतो.

मी राहतो रोहण्याला. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले हे गाव. येथून एस.टी.ने जाऊन मी मराठी शिकवतो. आमचे संमेलन जानेवारीत असते, म्हणजे कापसाचा वेचा अजून चालू असतो. तालमीला मुली कमी येतात, त्या आळसाने नव्हे. त्या शेतात असतात.

तीन वर्षांपूर्वी मी एक प्रथा पाडली. संमेलनानंतर तिसऱ्या दिवशी भाग घेणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी वर्गात एकत्र बसायचे आणि जे झाले त्याविषयी मोकळेपणाने बोलायचे. अट एकच : 'छान झाले' हे शब्द उच्चारायचे नाहीत.

पहिल्याच वर्षी नाचणाऱ्या मुलींनी तोंड फोडले. त्यांचे समूहनृत्य मोबाइलवर वाजणाऱ्या सिनेमातल्या गाण्यावर होते. मध्येच वीज गेली, गाणे थांबले आणि सहा मुली हात वर करून अंधारात उभ्या राहिल्या. शिट्ट्या झाल्या. त्यांतली एक म्हणाली, "सर, आमचे पाय गाण्याच्या भरवशावर होते. समोर बसलेल्यांत आमच्या गावच्या भजनी मंडळातले तिघे खंजिरीवाले होते. त्यांना बोलवावे हे आम्हाला सुचलेच नाही."

वर्ग गप्प झाला. खंजिरीच्या साथीने तुकडोजी महाराजांनी गावेच्या गावे जागवली. त्यांचे जन्मगाव यावली शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. २००५ पासून आमच्या नागपूर विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. नाव विद्यापीठावर आहे आणि खंजिरी प्रेक्षकांत बसली आहे!

पण मला खरा धक्का दिला तो एकांकिकेने. कर्जात बुडालेल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची ती गोष्ट मुलांनीच लिहिली होती. बँकेतून रिकाम्या हाताने परतलेला बाप कोपऱ्यात बसलेल्या मुलीला विचारतो, "काहून रडून राह्यली, माय?" साऱ्या नाटकातले हे सर्वांत हळवे वाक्य. नेमक्या त्याच वाक्याला मांडवभर हशा पिकला.

बापाचे काम करणारा मुलगा त्या बैठकीत बराच वेळ खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "सर, लोक माह्या कामाले नाही हासले. माह्या बाबाच्या बोलण्याले हासले. बाबा मांगं बसून होते. ते नाही हासले."

वाचकहो, त्या हशाचा धनी मीच होतो. संहिता तपासताना मीच सांगितले होते की शिकलेली पात्रे शुद्ध बोलतील. वऱ्हाडी फक्त बाप आणि गडी बोलतील. त्यामुळे झाले काय, तर एकाच घरात वाढलेली मुलगी पुस्तकी मराठीत उत्तर देई आणि बाप एकटाच वऱ्हाडीत बोले. रंगभूमीवर बोली अशी एकटी पडली की ती विदूषकाची होते. लोक हसले ते मी शिकवल्याप्रमाणेच हसले.

वास्तविक मला हे कळायला हवे होते. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० सालची. तीतली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि तिच्या दुःखाला कुणी हसत नाही. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या एका खेड्यातले देशपांडे घराणे त्यात आपल्याच बोलीत भांडते आणि खचते. ही पुस्तके मी वर्गात शिकवतो. तालमीत मात्र विसरलो.

दुसऱ्या वर्षी मुलांनी तीच एकांकिका पुन्हा बसवली. या वेळी सगळेच वऱ्हाडी बोलत होते, बँकेचा साहेबसुद्धा. मुलीचे काम करणारी विद्यार्थिनी आधी अडखळली. घरी सहज बोलायची ती भाषा लोकांसमोर बोलायला जीभ वळेना. "आजीसमोर बसून पाठ केले," असे तिने नंतर सांगितले. पहिली पाच मिनिटे मांडव हसला. मग हसू ओसरले. 'काहून रडून राह्यली' आले तेव्हा एकच जण हसला. त्याला कुणी साथ दिली नाही.

पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. उच्चारांकडे लक्ष द्यावे, असा शेरा मिळाला. मुले खट्टू झाली. तेव्हा बैठकीत पुरुषोत्तम करंडकाची गोष्ट निघाली. पुण्यात १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चालते. कॉलेजच्या कितीतरी पिढ्या तिच्यात घडल्या. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची वाटली नाही आणि तो कुणालाच दिला गेला नाही. यावर आमच्या वर्गात तासभर वाद झाला. कुणी म्हणाले, हा मुलांच्या मेहनतीचा अपमान; कुणी म्हणाले, हा कलेचा मान. शेवटी बापाचे काम करणारा मुलगाच म्हणाला, "बक्षीस देणारे एक दिवस पाहतात. गावाले रोज तोंड दाखवायचं असते."

आता नव्या शैक्षणिक धोरणात गाणे, नाच, नाटक यांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. उत्तम झाले. पण रंगमंचावर काय केले याचे गुण देता येतात. तेथून उतरल्यावर काय उमगले याचे कोण देणार? त्यासाठी ती तिसऱ्या दिवसाची बैठकच हवी. तीत विद्यार्थी शिकतात. मास्तरही, थोडे उशिरा का होईना, शिकतात.

परवा एस.टी.त त्या मुलाचे वडील भेटले. सरकून त्यांनी मला जागा दिली. कापसाचे भाव, पाऊस, सगळे बोलून झाले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सर, यंदा वेचा लवकर आटोपतो. धाकटीले पाठवू का तालमीले?"