पोटाचे क्रियात्मक विकार

जेवल्यावर पोट फुगतें, कळा येतात, कधीं बद्धकोष्ठ तर कधीं जुलाब होतात. रक्ताची, मलाची, दुर्बिणीची अशा साऱ्या तपासण्या मात्र निर्दोष ठरतात. अशा रोग्यास घरचीं माणसें म्हणतात, "तुला कांहीं झालेलें नाहीं, सारे मनाचे खेळ आहेत." हें वाक्य मूळ दुखण्याहूनहि जिव्हारीं लागतें, आणि शास्त्रदृष्ट्या तें चूक आहे, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

इंद्रियाची रचना निराळी व त्याची क्रिया निराळी. सतारीची एकहि तार तुटलेली नसतां ती बेसूर वाजूं शकते; त्याचप्रमाणें आंतड्यास व्रण वा गांठ नसतांहि त्याचें काम बिघडूं शकतें. अशा विकारांस क्रियात्मक विकार म्हणतात. त्यांपैकीं 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' हा विशेष परिचित आहे.

आंतड्याच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशींचें जाळें असून मेंदूशीं त्याचा सतत संदेशव्यवहार चालतो. या विकारांत तो व्यवहार बिघडतो व आंतडें अतिसंवेदनशील होतें. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मोठ्या आंतड्यांत फुगा फुगविला असतां, बहुतेक निरोगी माणसांस जो ताण सहज सोसला, त्याच ताणानें या रोग्यांपैकीं अनेकांस वेदना झाल्या. तेव्हां ही वेदना कल्पित नव्हे. चिंतेनें ती वाढते हें खरें. परंतु तोहि या संदेशव्यवहाराचाच परिणाम होय. कित्येकांत तर हा विकार जुलाबाच्या सांथीसारख्या जंतुसंसर्गानंतर सुरू होतो.

तक्रारीस सहा महिने लोटले असून, गेले तीन महिने आठवड्यांतून सरासरी निदान एक दिवस पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा शौचास जाण्याशीं, शौचाच्या वेळा बदलण्याशीं व मलाचें स्वरूप पालटण्याशीं, यांपैकीं दोहोंशीं तरी संबंध असेल, तर २०१६ च्या 'रोम' निकषांप्रमाणें हें निदान करतां येतें. मात्र मलांतून रक्त पडणें, वजन आपोआप घटणें, रक्तक्षय, ताप, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, हीं लक्षणें निराळ्या रोगाचीं असूं शकतात. त्यांत डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

उपचाराचा आरंभ रोग्यास हें सारें समजावून सांगण्यानें होतो. जेवणाच्या वेळा नियमित असाव्यात. इसबगोल थोड्या प्रमाणांत सुरू करून हळूहळू वाढवावें. गव्हाच्या कोंड्यानें मात्र पुष्कळांचें पोट अधिकच फुगतें. कांदा, लसूण, गहूं, राजमा, दूध यांतील कांहीं शर्करा आंतड्यांत आंबून वायु धरतो. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानें हे पदार्थ चार ते सहा आठवडे कमी करून नंतर एकेक परत घेऊन पाहावा. सारेच जन्मभर वर्ज्य करूं नयेत. मानसोपचारानें, तसेंच नैराश्यावरील कांहीं औषधांच्या अल्प मात्रेनेंहि वेदना कमी होते. हीं औषधें दिलीं म्हणून रोगी वेडा ठरत नाहीं. तीं वेदनेच्या संदेशांवर काम करतात.

हा विकार आयुष्य घटवीत नाहीं, पण जगणें मात्र कष्टाचें करतो. म्हणून घरांत असा कोणी असेल, तर त्याचें म्हणणें प्रथम खरें माना, औषध त्यानंतर.