हडसनचे पाणी जाते कुठे?

न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन सँडी हूकला जातात. पुळणीवरून लांब मॅनहॅटन दिसते, फोटो होतात, बटाटेवडे संपतात. जवळच हडसनचे पाणी अटलांटिकला मिळत असते. पण पुढे ते जातं कुठे? प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही. त्या पाण्यात महानगराचे सांडपाणी असते, आणि कुणी होडीतून पडलाच तर तोही त्याच ओढीबरोबर वाहत जातो.

रटगर्स विद्यापीठाचे शास्त्रज्ञ याचे उत्तर रडारने शोधतात. विमानतळावरचे गरगर फिरणारे रडार नव्हे. हे किनाऱ्यावर रोवलेले साधे खांब, झेंड्याची काठी वाटावी असे. १९५५ साली क्रॉम्बी यांनी न्यूझीलंडमध्ये दाखवले की समुद्रावर सोडलेली रेडिओलहर तिच्या निम्म्या लांबीच्या लाटांवरून ठळकपणे परतते. २५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १२ मीटरची, म्हणजे तिला उत्तर देतात ६ मीटरच्या लाटा. अशा लाटेचा वेग खोल पाण्यात गणिताने ठरलेला असतो, सेकंदाला सुमारे ३ मीटर. परतलेली लहर याहून कमीजास्त वेग सांगू लागली, तर तो फरक म्हणजे पाण्याचा प्रवाह! एका रडारला पाणी जवळ येते की दूर जाते एवढेच कळते. म्हणून रडार दोन ठिकाणी लागतात; दोघांची साक्ष जुळवली की नकाशावर बाण उमटतात. अर्थात हे फक्त वरच्या मीटर-दोन मीटरचे.

नदीमुखाशी मात्र एक गंमत होते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक, म्हणून त्यावरून या लहरी क्षितिजापलीकडे पोचतात. गोडे पाणी पसरले की पल्ला घटतो. जी नदी पाहायची, तीच आडवी येते म्हणा ना!

पृथ्वीच्या फिरण्यामुळे हडसनचे पाणी उजवीकडे वळून जर्सीच्या किनाऱ्याने दक्षिणेला जावे, असे पुस्तके सांगतात. २००५ च्या वसंतातल्या पाहणीत दिसले ते निराळेच. बरेचसे पाणी मुखाबाहेरच मोठ्या भोवऱ्यासारखे फिरत राहिले होते. शहराची घाण समुद्र लगेच लांब नेतो, ही आपली समजूत सोयीची आहे इतकेच.

२००९ पासून हे नकाशे कोस्ट गार्डच्या शोधकार्यातही वापरले जाऊ लागले. एका चाचणीत, ९६ तासांनी धुंडाळावे लागणारे क्षेत्र ३६,००० चौरस किलोमीटरवरून सुमारे १२,००० वर आले. तेही काही थोडे नाही. पण थंड पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाकडे हेलिकॉप्टर आज पोचणार की उद्या, ते यावरच ठरतं.