नव्या मालाची खबर ग्राहकाला आपोआप कशी जाईल?

जळगावची प्लास्टिक चटई देशभर जाते हे आपणास सांगावयास नको. एमआयडीसीतील कारखाने मेहरूणपासून फार लांब नाहीत आणि हा माल ठोक विकणारे आपल्यातही आहेत. अशा दुकानात नवे डिझाइन आले की काय होते? मालक वही उघडतो, आठ-दहा गिऱ्हाइकांना फोन लावतो. तेवढ्यात टेम्पो येऊन उभा राहतो, हमालांचे पैसे द्यावयाचे असतात, आणि अकरावे गिऱ्हाईक राहून जाते. महिनाभराने तेच गिऱ्हाईक म्हणते, "माल आला होता तर कळवले का नाही? मी दुसरीकडून उचलला."

हे अकरावे गिऱ्हाईक राखण्याचे काम आता संगणकाकडे देता येते. यादीत नव्या मालाची नोंद झाली की ज्याला तो माल लागतो त्याला ई-मेल आपोआप जातो. यासाठी मोठी कंपनी असावी लागते असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दोनशे-तीनशे ग्राहक असलेल्या दुकानालाही हे जमते.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲप आहे की! आहे, आणि रोजच्या बोलण्यास ते उत्तमच. परंतु तेथील ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावेच बसतात आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. शिवाय मोठी हॉटेले, शाळा, सरकारी कार्यालये, बाहेरगावचे घाऊक खरेदीदार यांची खरेदी बहुधा ई-मेलवर चालते. त्यांना सहा महिन्यांनी जुना भाव शोधावयाचा असला तर ते तेथेच शोधतात.

आता प्रत्यक्ष काम. संगणकावर दोन तक्ते करावेत. पहिला ग्राहकांचा : नाव, गाव, ई-मेलचा पत्ता, कोणता माल घेतो, आणि खबर पाठवण्याची परवानगी त्याने कधी व कशी दिली. दुसरा मालाचा : माल, माप, रंग, भाव, भाव कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटी दोन रकाने, 'मंजूर' व 'पाठवले'. गूगल शीट्समध्ये असे तक्ते करता येतात आणि त्यालाच जोडलेली 'ॲप्स स्क्रिप्ट' नावाची सोय आहे. घरातील संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी तीत थोड्या ओळींची आज्ञावली लिहू शकेल. ती रोज सकाळी ठरल्या वेळी जागी होते, मालाचा तक्ता पाहते, 'मंजूर' लिहिलेला नवा माल शोधते, तो माल घेणारे ग्राहक निवडते आणि प्रत्येकाच्या नावाने वेगळे पत्र धाडते.

'मंजूर'चा रकाना मालकाने स्वतःच्या हाती ठेवावा. प्लास्टिकच्या दाण्याचा भाव वरखाली होतो तसा चटईचाही होतो. नोकराने घाईत १८० च्या जागी १०८ टाकले आणि यंत्राने ते तीनशे जणांना कळवले तर दुसऱ्या दिवशी त्या भावाने मागण्या येतील. मग माल द्यावा तर तोटा, न द्यावा तर जबान गेली. म्हणून आकडा मालकाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय पत्र सुटता कामा नये, आणि पत्रात भावाची मुदत व जीएसटी धरून की सोडून हे लिहिलेच पाहिजे.

'पाठवले'चा रकाना आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या घरच्या दुकानात आज्ञावली दर तासाला चालवण्याचे ठरले. पत्र गेल्याची खूण करण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. यंत्राला काय, त्याला दर तासाला तोच माल नवा दिसला. सकाळी दुकान उघडेपर्यंत एकेका ग्राहकाला तेच पत्र नऊ वेळा गेले होते. दोघांनी फोन करून विचारले, सर्व ठीक आहे ना? बाकीच्यांनी विचारलेही नाही. ती खूण प्रत्येक ग्राहकापुढे वेगळी करावी हे बरे. कारण मोफत खात्यातून ॲप्स स्क्रिप्टद्वारे दिवसाला १०० जणांनाच ई-मेल जातो. पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेस खात्यातून १,५०० जणांना. शंभरावर काम थांबले तर एकशे एकपासून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता आले पाहिजे.

याहून मोठी चूक यंत्राशिवायच होते. समजा, एका ठोक व्यापाऱ्याने हातानेच पत्र लिहिले आणि 'टू'च्या चौकटीत साठ ग्राहकांचे पत्ते एकदम टाकले. आता धुळ्याच्या दुकानदाराला मालेगावचा दिसला, मालेगावच्याला भुसावळचा. त्यांतील एकाने ते पत्र दुसऱ्या ठोक व्यापाऱ्याला पुढे पाठवले की वीस वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकी त्याच्या हाती आयती पडली. एकेकाला वेगळे पत्र जात असेल तर हा धोका नाही. एकदम पाठवणे भागच असेल तर पत्ते 'बीसीसी'त टाकावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. ग्राहकाचा पत्ता आपल्याकडे अमानत आहे. तो दुसऱ्याला विकणे किंवा दुसऱ्याची यादी विकत घेणे, दोन्ही टाळावे.

यादी विकत घेण्याचे तोटे कायद्यानेही आहेत आणि धंद्यानेही. न विचारता जाहिरात पाठवण्याची खोड जुनी. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्यूर्क यांनी संगणक विक्रीची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली आणि तक्रारींचा गहजब झाला. ते पहिले 'स्पॅम' मानले जाते. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यानुसार माणसाची माहिती ज्या कामासाठी परवानगी घेतली त्याच कामासाठी वापरावयाची, आणि परवानगी देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणेही सोपे असावयास हवे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

इजाजत घेण्याची रीत साधी आहे. बिल करताना विचारावे : "नवा माल आला की ई-मेलने कळवू का?" हो म्हणाला तर पत्ता लिहून घ्यावा आणि त्या पत्त्यावर एक पत्र पाठवून, त्यातील दुव्यावर त्याने होकार दिल्यावरच नाव यादीत चढवावे. पत्ता लिहिण्यात एका अक्षराची चूक झाली असेल तर तीही येथेच पकडली जाते. प्रत्येक पत्राच्या तळाशी 'यापुढे नको' म्हणण्याची सोय ठेवावी. ती नसली की कंटाळलेला ग्राहक 'स्पॅम'चे बटण दाबतो. अशी बटणे वाढली की आपली सर्वच पत्रे, अगदी मागवलेले भावपत्रकसुद्धा, अडगळीच्या पेटीत पडू लागतात. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलच्या खात्यांवर पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियमच घातला : एका टिचकीत नाव कमी करता आले पाहिजे आणि अशा तक्रारी हजारी तिनाच्या आत राहिल्या पाहिजेत. आपला आकडा लहान असला तरी माप हेच ठेवावे.

दुकानाच्या नावाचा स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेतला असेल तर आणखी तीन गोष्टी तंत्रज्ञाकडून करून घ्याव्यात. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्रे नेण्याचा अधिकार कोणाला आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाख. वाटेत मजकूर बदलला तर ती फुटलेली दिसते. आणि यादी व लाख दोन्ही जुळली नाहीत तर पत्राचे काय करावे ही सूचना म्हणजे डीमार्क. हे नसेल तर कोणी भामटा आपल्या नावाने "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असे पत्र आपल्याच ग्राहकाला धाडू शकतो. हे केले म्हणून फसवणूक संपली असे नव्हे. मिळत्याजुळत्या नावाचा पत्ता घेऊन तो येऊ शकतो. तेव्हा खाते बदलाची खबर ई-मेलवर कधीच देणार नाही, फोन करूनच सांगू, हे ग्राहकांना आधीच कळवून ठेवावे.

पत्र लहान असावे. विषयात 'भव्य ऑफर' न लिहिता '६ बाय ९ चटई, तीन नवे रंग' असे लिहावे. आत एक फोटो, माप, भाव, मुदत, फोन. नवे काही नसेल त्या आठवड्यात पत्र नाही.

हीच व्यवस्था हंगामी मालालाही चालते. मेहरूणची बोरे थंडीत येतात आणि पुण्या-मुंबईला गेलेली खानदेशी घरे त्यांची वाट पाहतात. त्यांचे पत्ते घेऊन ठेवले तर पहिली पाटी उतरली त्या दिवशी 'बोरे आली' हे एक पत्र पुरे. आणि बाग संपली की 'या वर्षीची संपली' हेही कळवावे, म्हणजे मागाहून पैसे पाठवणाऱ्याला ते परत करण्याची वेळ येत नाही.