मॅस्टोडॉन आला पारावर!

नुसतं 'चांदूर' लिहून पत्र पेटीत टाकलंत, तर ते पोचेल कुठे? अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे. म्हणून पत्त्यात 'रेल्वे' लिहायला इथलं माणूस विसरत नाही. दोस्तहो, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

चांदूर रेल्वेची माझी अकरावीतली भाची परवा फोन खाली ठेवून वैतागून म्हणाली, "मामा, तिथं आता काही मजाच नाही राह्यली. मैत्रिणीईचं काही दिसतच नाही, नुसत्या जाहिराती! पण सोडून जाऊ कुठी? सगळ्या तिथंच हायेत."

पोरीनं दोन वाक्यांत सगळा प्रश्न मांडला की! कंटाळाही तिथेच आणि मैत्रिणीही तिथेच.

असं पूर्वीही झालंय. २००४ च्या जानेवारीत 'ऑर्कुट' नावाची साइट निघाली. ऑर्कुट हे ती बनवणाऱ्या तुर्की अभियंत्याचं नाव. तो गूगल कंपनीत नोकरीला होता. आज तुमचे जे काका-मावश्या चाळिशीत आहेत, त्यांना विचारून बघा, हमखास हसतील. तिथे मित्राबद्दल चार ओळी लिहायच्या, गावाच्या, शाळेच्या नावानं मंडळं काढायची. मग लोक फेसबुककडे वळले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. पुढे काही काळ आपला मजकूर उतरवून घेता येत होता. ज्यांनी घेतला नाही, त्यांचा गेला. घर भाड्याचं होतं, हे बहुतेकांना तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट २०१९ ची. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग इथला, १९३६ सालचा एक फोटो आहे. जहाजाच्या कारखान्यातली सारी गर्दी हिटलरशाहीचा सलाम ठोकतेय आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. तो फोटो सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी ट्विटरवर लावला होता. ट्विटरनं त्यांचं खातं बंद केलं. का, तर चित्र द्वेष पसरवणारं आहे म्हणे! चित्रातला माणूस तर द्वेषाला नकार देत होता. त्या नोव्हेंबरात चिडलेले अनेक भारतीय उठले आणि 'मॅस्टोडॉन'वर गेले.

मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला भाऊबंद. ऑइगेन रोख्को या विशीतल्या जर्मन तरुणानं २०१६ मध्ये आपल्या कामाला हे नाव दिलं. पण ही एक साइट नव्हेच. हजारो छोटे अड्डे आहेत आणि प्रत्येक अड्ड्याचा आपला सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा संगणक, वेगळा. कुठे खगोलवाले, कुठे चित्रकार, कुठे एखाद्या शहराची मंडळी. नियम ज्याचे त्याचे. म्हणून तिथे नावापुढे अड्ड्याचं नावही लिहावं लागतं. आठवलं ना? चांदूर कोणतं, तर रेल्वे!

मग एका अड्ड्यावरचा दुसऱ्याशी बोलतो कसा? त्यासाठी मूर्तिजापूरला चला. तिथून यवतमाळला आणि अचलपूरला 'शकुंतला' धावायची. तिचे रूळ अडीच फुटी आणि आपल्या चांदूरवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लाइनचे साडेपाच फुटी. यवतमाळचा कापूस मुंबईला जायचा, तर मूर्तिजापूरला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. मोठमोठ्या साइट बराच काळ अशाच चालल्या: प्रत्येकीचे रूळ वेगळे आणि तेही मुद्दाम. गिऱ्हाईक पळू नये ना! मॅस्टोडॉनच्या अड्ड्यांचे रूळ मात्र एकाच मापाचे. त्या मापाचं नाव 'ॲक्टिव्हिटीपब'. २०१८ मध्ये ते जगासाठी ठरवून दिलं गेलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं (पुढच्या वर्षी त्याचं 'एक्स' झालं), तेव्हा तर मॅस्टोडॉनवर लाखो लोकांची रीघ लागली. जाहिराती नाहीत, जे सगळ्यात ताजं ते वर, सगळं कसं छान! पण खरं सांगायचं तर पुष्कळजण थोड्या दिवसांत परतले. आपण पारावर जाऊन बसावं आणि पारावर कुणीच नसावं, मग किती वेळ बसणार? २०१९ लाही तेच झालं होतं.

शिवाय अड्डा चालवतो कोण? बहुधा एखादा हौशी माणूस, नोकरी सांभाळून. त्याच्या घरी दुखणं आलं की अड्डा बंद. २०२२ मध्ये एक चांगला मोठा अड्डा असाच मिटला. चालवणाऱ्यानं आधी कळवलं, म्हणून लोकांना दुसरीकडे जाता आलं. तुमचं लिखाण वाचणारी माणसं तुमच्याबरोबर नव्या पत्त्यावर येतात, जुनं लिखाण मात्र येत नाही.

आणि मराठी माणसाला हे काही नवीन नाही हो! 'मायबोली' हा अड्डा १९९६ मध्ये निघाला. म्हणजे गूगलच्या दोन वर्षं आधी आणि ऑर्कुटच्या आठ! परदेशातली मराठी माणसं तिथे पाककृती विचारायची, कथा लिहायची, भांडायचीसुद्धा. २००७ मध्ये 'मिसळपाव' आलं. ऑर्कुट आलं नि गेलं, मायबोलीवर गप्पा चालूच आहेत. लोक तिथे कशासाठी तरी जातात, नुसते 'सगळे आहेत' म्हणून नाही, असं मला वाटतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आधी चार जणी तयार कराव लागतील. एकटीनं जाऊन फायदा नाही." मी म्हटलं, अड्ड्याचे नियमही वाच, काही ठिकाणी सोळाच्या आतल्यांना घेत नाहीत. तिला पक्ष्यांचा नाद आहे. तेव्हा पक्षी बघणाऱ्या तिघी तिनं पटवल्यात, चौथीची आई अजून 'हो' म्हणायची आहे. जुनं खातं तिनं बंद केलेलं नाही. त्यातले फोटो तेवढे रोज रात्री थोडेथोडे उतरवून घेतेय.