उष्णता किती, तापमान किती

पदार्थ ज्या कणांचा बनलेला असतो ते कण सतत हलत असतात. त्यांच्या या हालचालीची सरासरी तीव्रता ज्या आकड्याने कळते ते तापमान. दोन पदार्थांच्या तापमानात फरक असला की अधिक तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे ऊर्जा वाहते. ही वाहणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. दोघांचे तापमान सारखे झाले की वहन थांबते. उष्णता ज्यूल किंवा कॅलरीत मोजतात, तापमान अंशांत. बोलताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या शेजारच्या तालुक्यांतला उन्हाळा समजून घ्यायचा तर दोन्ही वेगळे धरावे लागतात.

धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावांत बोट समुद्रात निघण्याआधी तिच्यात बर्फ भरला जातो. शून्य अंशाला वितळू लागलेला बर्फ मासळीतून आणि भोवतालच्या हवेतून उष्णता घेत राहतो, तरी पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान शून्यावरून हलत नाही. 1 किलो बर्फ वितळायला सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने 1 किलो पाणी शून्यापासून 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते. म्हणजे शून्य अंशाचे पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ यांचे तापमान एकच असले, तरी मासळीची उष्णता शोषून घेण्याची बर्फाची क्षमता कितीतरी मोठी. तापमापीवर न दिसणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तो प्रयोगांनी दाखवून दिला.

तापमान वाढवायलाही सगळ्या पदार्थांना सारखी उष्णता लागत नाही. 1 किलो पाणी 1 अंश सेल्सिअसने तापवायला 1 किलोकॅलरी लागते. कोरड्या वाळूला जेमतेम तिच्या पाचव्या हिश्शाएवढी. शिवाय समुद्रात ऊन खोलवर झिरपते, लाटा पाणी ढवळतात आणि बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. त्यामुळे दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची तुलनेने गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारे उलटे वाहतात. ते मतलई वारे. डहाणू गाव समुद्रालगत असल्याने खाऱ्या वाऱ्यांचा लाभ त्याला आधी मिळतो. तलासरी गाव किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, डोंगराळ भागाच्या बाजूला असल्याने तिथे हे वारे उशिरा आणि क्षीण होऊन पोचतात. साहजिकच उन्हाळ्याची दुपार तिथे अधिक तापते आणि हिवाळ्याची रात्र अधिक गारठते. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की खारे वारे अडतात आणि त्या दिवशी डहाणूही तापते.

डहाणूचे म्हणून जे तापमान बातम्यांत येते ते भारतीय हवामान विभागाच्या तिथल्या वेधशाळेचे असते. ते उन्हातले नसते, सावलीतल्या हवेचे असते. वेधशाळेत तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून साधारण सव्वा मीटर किंवा त्याहून थोड्या जास्त उंचीवर ठेवतात, म्हणजे हवा खेळती राहते पण ऊन थेट लागत नाही. पारंपरिक पद्धतीत कमाल तापमानासाठी पाऱ्याची तापमापी असते. तिच्या नळीत फुग्यापाशी एक चिंचोळी जागा असते. चढलेला पारा तिच्यातून आपोआप परत उतरत नाही, त्यामुळे दिवसातला सर्वोच्च आकडा टिकून राहतो. किमान तापमानाच्या तापमापीत अल्कोहोल असते आणि त्यात बुडालेली बारीक काडी उतरत्या अल्कोहोलाबरोबर मागे सरकून नीचांकावर थांबते.

आकडे मोजायच्या पट्ट्या माणसाने ठरवलेल्या आहेत. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी 1724 मध्ये मांडलेल्या पट्टीत बर्फ आणि क्षार यांच्या मिश्रणाला शून्य धरले होते. आजच्या फॅरनहाइट पट्टीवर पाणी 32 अंशांना गोठते आणि 212 अंशांना उकळते. स्वीडनचे अँडर्स सेल्सिअस यांनी 1742 मध्ये या दोन बिंदूंमध्ये 100 भाग केले, पण उकळबिंदूला 0 आणि गोठणबिंदूला 100 दिले. हा क्रम पुढे उलटवला गेला. सेल्सिअसच्या आकड्याला 9 ने गुणून, 5 ने भागून त्यात 32 मिळवले की फॅरनहाइट मिळते. घरोघरी ताप अजून फॅरनहाइटमध्येच सांगतात, हवा मात्र सेल्सिअसमध्ये. 102 ताप म्हणजे सुमारे 38.9 अंश सेल्सिअस.

या दोन्ही पट्ट्यांचे शून्य सोयीचे आहे, खरे नव्हे. म्हणून 40 अंश हे 20 अंशांच्या दुप्पट गरम ठरत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी 1848 मध्ये निरपेक्ष पट्टीची कल्पना मांडली. तिचे शून्य उणे 273.15 अंश सेल्सिअसला येते. त्याखाली तापमान जाऊ शकत नाही. केल्विनमध्ये 20 अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे 293 आणि 40 अंश म्हणजे 313. वाढ फक्त सात टक्क्यांच्या आसपास.

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचे गणित याच पट्टीवर मांडावे लागते. तिथे प्रत्येकी 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. या क्षमतेच्या संचांत टर्बाइनला मिळणारी वाफ साधारण 540 अंश सेल्सिअसची, म्हणजे 813 केल्विनची असते. काम करून झालेली वाफ 45 अंशांच्या, म्हणजे 318 केल्विनच्या आसपास पुन्हा पाणी होते असे धरले, तर निसर्गनियमाने उष्णतेतून मिळू शकणारे काम जास्तीत जास्त 61 टक्के. प्रत्यक्षात कोळशावरच्या अशा केंद्रांत उष्णतेचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भागच वीज बनतो. उरलेल्यातला मोठा वाटा वाफ थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. त्या पाण्यात उष्णता प्रचंड असते, पण तापमान भोवतालापेक्षा थोडेच जास्त. म्हणून तिच्यातून वीज काढणे परवडत नाही.

माणसाचे शरीरही भोवतालाशी उष्णतेची देवघेव करते. 1 लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीराची सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो; परिणामी कमी तापमानातही जीव घाबरा होतो. हवामान विभागाचे निकष त्यामुळे जागेनुसार बदलतात. उष्णतेच्या लाटेचा विचार करण्यासाठी सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस असावे लागते, तर किनारी भागात 37 अंश पुरतात. मात्र किनाऱ्यावर ते सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी चढलेले असावे लागते. उन्हाळ्यात नुसते कमाल तापमान पाहून भागत नाही, शेजारचा आर्द्रतेचा आकडाही वाचावा लागतो.